प्रोसेसर ८५ डिग्रीला गेला तर घाबरायचं का? गेमिंग पीसीचं टेंपरेचर आणि कूलिंग, कोल्हापूरच्या उन्हाळ्यासकट

एप्रिल लागला की मित्रांच्यात हा विषय निघतोच. कुणाचा प्रोसेसर ८४ ला, कुणाचा ९१ ला, आणि लगेच सल्ले सुरू, एक म्हणतो पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरच्या मधली थर्मल पेस्ट) बदल, दुसरा म्हणतो लिक्विड कूलर घे, तिसरा साइड पॅनल काढून टेबल फॅन लावायला सांगतो. पण नुसत्या आकड्यावरनं काहीच कळत नाही हो. प्रोसेसर कुठला, तो वॅट किती खातोय, क्लॉक म्हणजे कामाचा वेग टिकतोय का आणि खोलीत किती डिग्री आहे हे सगळं सोबत बघितलं तरच ८५ बरं की वाईट ते सांगता येतं, आणि हे न बघता चार-आठ हजार घालवणारी लई माणसं आहेत.

आधी प्रोसेसरची मर्यादा बघा. प्रत्येक मॉडेलला कंपनीनं एक वरचं टेंपरेचर ठरवून दिलेलं असतं, तिथं पोचला की प्रोसेसर स्वतःच क्लॉक आणि वॅट कमी करतो, म्हणजे थ्रॉटल होतो. इंटेलच्या १२व्या, १३व्या, १४व्या जनरेशनच्या डेस्कटॉप प्रोसेसरला ही मर्यादा साधारण १०० डिग्री आहे, आय५ १२४००एफ त्यातलाच. एएमडीमध्ये जरा वेगवेगळं आहे, रायझन ५ ५६०० ला ९०, ५६००एक्स ला ९५, ७८००एक्स३डी ला ८९. आणि रायझन ७००० सिरीज २०२२ मध्ये आली तेव्हा एएमडीनं स्वतःच सांगितलं होतं की फुल लोडला ९५ पर्यंत जाणं हे डिझाइनमध्येच धरलेलं आहे, कूलरला जेवढं झेपतं तेवढा तो बूस्ट करत, म्हणजे वेग आपोआप वाढवत वर जातो. म्हणजे ७६००एक्स वाल्यानं सिनेबेंच ही प्रोसेसरवर पूर्ण जोर टाकणारी टेस्ट लावल्यावर ९४ बघून घाम फोडायचं कारण नाही, पण ५६०० वाल्याला तेच ९४ कधी दिसायलाच नको.

ढोबळ मानानं सांगायचं तर नुसता डेस्कटॉप उघडा असताना ३५ ते ५०, गेम खेळताना ६० ते ८० हे नॉर्मल धरा. गेममध्ये सतत ८५ च्या वर राहत असेल तर बघायला पाहिजे, लगेच काही जळत नाही. मर्यादेला जाऊन चिकटला आणि क्लॉक पडला तर मात्र काम काढावंच लागतं.

आता खोलीचं. एअर कूलर असो नाहीतर लिक्विड, प्रोसेसरला तो खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त खोलीच्या वर किती डिग्री चढायचं तेवढं ठरवतो. समजा तुमचा कूलर ८० वॅटला खोलीच्या वर ४५ डिग्री ठेवतो. जानेवारीत खोली २२ ला असताना गेममध्ये ६७ दिसणार. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी तीन वाजता खोलीच ४० ला गेलेली असते, तेव्हा तोच पीसी, तोच गेम, ८५. काही बिघडलेलं नाही! आणि यूट्यूबवर ज्याचं टेस्टिंग बघताय तो २१ डिग्रीच्या एसी खोलीत बसलेला असतो, त्याच्या आकड्याशी आपली तुलना करायची तर मधला फरक धरून करा. आठ-दहा रुपयांत काही येत नाही पण शे-दोनशेत भिंतीवरचा थर्मामीटर मिळतो, तो पीसीच्या टेबलाजवळ लावून टाका, लई वाद मिटतात.

मोजायला एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे. चालू करताना सेन्सर्स ओन्लीवर टिक करा. इंटेलला सीपीयू पॅकेज ही ओळ बघायची, रायझनला टीसीटीएल/टीडाय अशी ओळ असते ती. तिथंच खाली पॅकेज पॉवर म्हणजे वॅट दिसतात आणि थर्मल थ्रॉटलिंगपुढं यस का नो ते पण येतं, ही ओळ लोक बघतच नाहीत आणि खरं उत्तर तिथंच असतं. मॅक्सिममच्या कॉलमवर फार जाऊ नका, विंडोज चालू होताना एक सेकंदाचा उडालेला आकडा पण तिथं दिवसभर बसून राहतो. गेम सुरू करा, रीसेट दाबा, अर्धा तास नेहमीसारखं खेळा आणि मग ॲव्हरेज बघा.

रायझनवाल्यांना अजून एक गोष्ट दिसते, ब्राउझर उघडला की ४२ वरनं एकदम ५८ आणि परत खाली, आणि त्याबरोबर फॅन भुर्र करून वाढतो नि बसतो. एकाच कोअरनं (प्रोसेसरच्या आतला काम करणारा एक भाग) जोरात बूस्ट घेतला की त्या एवढ्याशा जागेत उष्णता साठते, म्हणून असं उडतं. बायोस म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगचा मेनू, त्यातल्या फॅन कर्व्हमध्ये (किती डिग्रीला फॅन किती फिरायचा ते) ६० पर्यंत फॅन एकसारखा हळू ठेवा आणि स्टेप अप टाइम (फॅन वाढायच्या आधी थांबायचा वेळ) थोडा वाढवा, आवाजाचा त्रास जातो. तसंच नवीन गेम पहिल्यांदा उघडला की शेडर (ग्राफिक्सचे छोटे प्रोग्राम) कंपाइल होताना सगळे कोअर १०० टक्क्याला जातात, तेव्हाचं टेंपरेचर गेमचं म्हणून धरू नका.

आता समजा टेंपरेचर खरंच जास्त आहे. पैसे काढायच्या आधी एक टेस्ट करा, साधी आहे. गेम चालू ठेवून टेंपरेचर एका जागी स्थिरावू द्या, मग साइड पॅनल काढा आणि दहा मिनिटं तसंच खेळा. सात-आठ डिग्री खाली आलं तर कूलर बरा आहे, कॅबिनेटमध्ये हवा अडकतीय. काहीच फरक पडला नाही तर दोष कूलरच्या बसण्यात, पेस्टमध्ये नाहीतर वॅटमध्ये आहे. एवढ्यावर अर्धं निदान झालं. पॅनल कायम काढून ठेवणं मात्र मला पटत नाही, धूळ थेट आत जाते आणि घरात लहान पोरं असली की बघायलाच नको.

हवा अडकत असेल तर आधी कॅबिनेट ठेवलाय कुठं ते बघा. कॉम्प्युटर टेबलाच्या खालच्या कप्प्यात, मागं भिंत, बाजूला लाकूड, अशा जागी आत टाकलेला पीसी स्वतःचीच गरम हवा परत आत ओढत बसतो. बाहेर काढा, मागं वीतभर तरी जागा सोडा. मग फॅनची दिशा. फॅनच्या ज्या बाजूला प्लास्टिकच्या आडव्या पट्ट्या आणि मोटरचं स्टिकर असतं त्या बाजूनं हवा बाहेर पडते. पुढचे फॅन आत ओढणारे, मागचा बाहेर टाकणारा, वरचे असले तर ते पण बाहेर. असेंबल करून आणलेल्या पीसीत लायटिंग छान दिसावं म्हणून पुढचे फॅन उलटे बसवलेले मी बघितलेत, एक कागदाचा तुकडा समोर धरला की पाच सेकंदात कळतं. पुढं काच आणि कडेला बारीक फट असलेल्या कॅबिनेटला कितीही फॅन लावा, हवा येणार कुठनं? जाळीचा पुढा असलेला कॅबिनेट घ्या, तिथं पैसे लावलेले परवडतात.

धुळीचं आपल्याकडं वेगळंच प्रकरण आहे. ऊस गाळपाच्या हंगामात कारखान्याजवळच्या गावात काळी राख उडून येते, गच्चीवर वाळत घातलेले कपडे बघा की, तीच राख फिल्टरवर बसते. उद्यमनगर, शिरोलीकडं घर असेल तर कारखान्यांची धूळ, त्यात लोखंडाचा कण असतो, तो बोर्डावर साठू देणं बरं नाही. आणि पीसी स्वयंपाकघराला लागून हॉलमध्ये असेल तर फोडणीचा आणि मसाला भाजल्याचा धूर, तेलाचा पातळ थर पात्यांवर बसतो आणि त्याला धूळ अशी चिकटते की ब्रशनं पण निघत नाही. फिल्टर महिन्यातनं एकदा धुवा, पूर्ण वाळवून लावा. पावसाळ्यात जुलै-ऑगस्टला हवेतला दमटपणा एवढा असतो की फिल्टरवरची धूळ लगद्यासारखी बसते, तेव्हा जरा जास्त लक्ष द्या.

हीट सिंकमधली, म्हणजे कूलरच्या धातूच्या पात्यांमधली धूळ काढायला साधा इलेक्ट्रिक ब्लोअर चालतो. मारताना फॅन बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो हवेनं सुसाट फिरतो आणि बेअरिंग जातं. मित्राचा कारखाना आहे म्हणून तिथल्या कॉम्प्रेसरखाली पीसी धरायचा मोह होतो, तो करू नका, त्या लाइनमध्ये पाणी आणि तेल असतं आणि प्रेशर पण नको तेवढं.

पॅनल काढून फरक पडला नाही असं असेल तर कूलर उतरवा. हे काम घाईत करायचं नाही, विशेषतः एएम४ सॉकेटवर (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा), म्हणजे रायझन १००० ते ५००० वाल्यांनी. ह्या सॉकेटवर प्रोसेसरला वरनं दाबून धरणारी पट्टी नसते, पेस्ट सुकून चिकटलेली असली की कूलर सरळ वर ओढताना प्रोसेसर पण त्याच्याबरोबर उपसून येतो आणि खालच्या बारीक पिना वाकतात. म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम होऊ द्या, पीसी बंद करा, वायर काढा, मग कूलरचे स्क्रू नाहीतर क्लिप सोडवून कूलर हलक्या हातानं डावीकडं उजवीकडं फिरवा. आधी घट्ट लागतं, मग एकदम सैल झाल्याचं हाताला कळतं, तेव्हाच उचला. एएम५ (रायझन ७००० पासूनचं सॉकेट) आणि इंटेलला प्रोसेसर पट्टीखाली अडकलेला असतो त्यामुळं ही भीती नाही.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टिश्यूनं पुसा, पाणी नको, सॅनिटायझरपण नको. नवीन पेस्ट मधोमध वाटाण्याएवढी, एलजीए १७०० चा, म्हणजे इंटेल १२व्या ते १४व्या जनरेशनचा प्रोसेसर लांबट आहे त्याला कडेला अजून छोटे ठिपके टाकले तरी चालतं. आर्क्टिक एमएक्स-४ सारखी कुठलीही नावाजलेली पेस्ट घ्या, दोन चांगल्या पेस्टमध्ये फरक एक-दोन डिग्रीचा असतो, त्यावर भांडत बसण्यात अर्थ नाही. नवीन कूलर असेल तर तळाचं पारदर्शक प्लास्टिक काढलंय ना ते बघा. हसू नका, दुकानातनं बसवून आलेल्या पीसीत पण ते तसंच निघतं. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे, एक पूर्ण आवळून मग दुसरा असं नाही. इंटेलच्या बॉक्समधल्या कूलरला चार पुश पिन असतात, कर्णाच्या दिशेनं दोन-दोन दाबा, आणि बोर्डाच्या मागं बघा, चारही काळी टोकं बाहेर आलेली दिसली पाहिजेत. तीन लागल्या आणि एक वर राहिली की टेंपरेचर सरळ नव्वदीत, आणि ही तक्रार फार कॉमन आहे.

हे सगळं झालं तरी जास्तच असेल तर वॅटकडं या, आणि हा माझा आवडता भाग आहे कारण फुकट आहे. इंटेलच्या बऱ्याच मदरबोर्डवर पॉवर लिमिट फॅक्टरीतनंच उघडी ठेवलेली असते, बायोसमध्ये बघितलं तर चार हजारांच्या घरातला वॅटचा आकडा दिसतो, म्हणजे लिमिटच नाही. १२४०० चा अधिकृत टर्बो आकडा ११७ वॅट आणि बेस ६५ आहे, पॉवर लिमिटच्या पीएल१ मध्ये ६५ आणि पीएल२ मध्ये ११७ घाला. १३व्या-१४व्या जनरेशनच्या आय५ के (नावाच्या शेवटी के असलेले), आय७, आय९ वाल्यांनी तर आधी बायोस अपडेट करा, २०२४ मध्ये जास्त व्होल्टेजमुळं ह्यातले प्रोसेसर कायमचे खराब होत असल्याचं समोर आलं आणि इंटेलनं मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सॉफ्टवेअरची दुरुस्ती) दिला, वॉरंटी पण दोन वर्षांनी वाढवली. तिथं टेंपरेचर हा नंतरचा विषय आहे.

रायझनला बायोसमध्ये ईको मोड, म्हणजे वॅट कमी ठेवणारी सेटिंग असते. १०५ वॅटवाला एएम५ प्रोसेसर प्रत्यक्षात १४२ वॅटपर्यंत खातो, ६५ वॅटच्या ईको मोडला ती मर्यादा ८८ वर येते. रेंडरिंगला थोडं नुकसान होतं, गेममध्ये फरक शोधावा लागतो कारण गेम मुळातच सगळे कोअर पूर्ण वापरत नाही. जमत असेल तर कर्व्ह ऑप्टिमायझर (व्होल्टेज कमी करायची सेटिंग) मायनस १५-२० करून बघा, पण हळूहळू, आणि पीसी रिकामा असताना अचानक रीस्टार्ट व्हायला लागला तर आकडा शून्याच्या जवळ आणा. त्याहून सोपं म्हणजे एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) बांधून टाका. मॉनिटर १४४ हर्ट्झचा आणि व्हॅलोरंट ३५० एफपीएसला पळतोय, कशाला? १६० ला कॅप लावा, वॅट आणि टेंपरेचर दोन्ही जागच्या जागी खाली येतात.

पॉवर प्लॅनमध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के करायचा उपाय पण लोक सांगतात. चालतो, पण त्यानं बूस्टच बंद पडतो, म्हणजे पैसे देऊन घेतलेला स्पीड आपणच कापला. मे महिन्यात ऐन दुपारी खेळायचंच असेल तर तात्पुरतं ठीक.

नवीन कूलर घ्यायचाच असेल तर ६५ वॅटच्या प्रोसेसरला १२० एमएम फॅनचा सिंगल टॉवर (पात्यांचा एकच उभा गठ्ठा असलेला एअर कूलर), डीपकूल एके४०० च्या वर्गातला, पुरून उरतो. बॉक्समधला रायझनचा व्रेथ स्टेल्थ ५६०० ला चालतो, उन्हाळ्यात आवाज करतो इतकंच. कॅबिनेटची रुंदी आणि कूलरची उंची आधी जुळवा, एके४०० १५५ एमएम उंच आहे, बारीक कॅबिनेटचं झाकण लागत नाही. लिक्विडचा २४० किंवा ३६० (एमएममध्ये रेडिएटरचा साइज, रेडिएटर म्हणजे आतलं पाणी थंड करणारी जाळी) हा आय७, आय९, रायझन ९ वाल्यांनी बघावा, बाकीच्यांनी दिसायला छान म्हणून घेतला तर घ्या बापडे, पण त्यात पंप असतो आणि पंप कधीतरी जातो, तेव्हा टेंपरेचर मिनिटाभरात मर्यादेला भिडतं. रेडिएटर पुढं लावलात तर त्याचं वरचं टोक पंपाच्या वर राहील असं बघा, हवेचे बुडबुडे पंपात अडकत नाहीत.

एक शेवटचं, कारण ह्यात लोक कूलरवर उगाच पैसे घालवतात. गेम चालू असताना पीसी एकदम वायर ओढल्यासारखा बंद पडतो आणि एचडब्ल्यूइन्फोत तर प्रोसेसर ७२ च दाखवत होता, असं असेल तर हे प्रोसेसरच्या गरमीचं काम नाही. गरमीनं प्रोसेसर आधी हळू होतो, फ्रेम पडतात, अगदीच हाताबाहेर गेलं तर बंद होतो. ग्राफिक कार्डचं हॉटस्पॉट (त्याच्या सगळ्यात गरम जागेचं टेंपरेचर) एकदा बघून घ्या, ते ठीक असेल तर ओळखीत कुणाचा तरी चांगला एसएमपीएस (पॉवर सप्लाय) एक दिवस मागून लावा आणि तोच गेम त्याच सेटिंगला खेळून बघा.