भिजू दे भात, तुम्ही आत या: गोव्यात विजेपासून जीव कसा वाचवावा

मी शाळेत होतो तेव्हाची ऑक्टोबरातली दुपार. झोडलेले भात अंगणात वाळत घातले होते. डोंगराकडे गडगडू लागले तसे आम्ही सगळे सुपे, घमेली घेऊन धावलो. निम्मे भात गोळा झाले असेल, तेवढ्यात वडील पडवीतून ओरडले, "भिजू दे भात, तुम्ही आत या!" आम्हांला राग आला, पण आत गेलो. पाऊस अजून सुरूही झाला नव्हता. थोड्याच वेळात विहिरीकडच्या माडावर वीज पडली. त्या माडापासून अंगण दहा-बारा पावलांवर.

विजेपासून वाचण्याचे जवळजवळ सगळे शास्त्र वडिलांच्या त्या हाकेत आहे. ते पायरीपायरीने सांगतो.

आधी हंगाम ओळखा

गोव्यात पावसाचे महिने आणि विजेचे महिने वेगळे आहेत. आषाढात पाऊस दिवसचे दिवस कोसळतो, पण तेव्हाचे बहुतेक ढग फार उंच वाढत नाहीत, त्यामुळे वीज त्या मानाने कमी. विजेचे ढग येतात ते एप्रिल-मेच्या वळवात आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात. सकाळभर अंगाची काहिली, दुपारी सह्याद्रीच्या बाजूला कोबीच्या गड्ड्यासारखे फुगत वर चढणारे ढग, आणि संध्याकाळच्या सुमारास तेच ढग सत्तरी, डिचोली, सांगे ओलांडून किनाऱ्याकडे सरकतात. नेमक्या याच दिवसांत आपली माणसे उघड्यावर असतात. मे महिन्यात काजूच्या बागेत बोंडू वेचायला, मुले सुट्टीत मैदानावर. ऑक्टोबरात भाताच्या कापणीला.

म्हणून या दोन हंगामांत जड आणि मोकळ्यावरचे काम शक्यतो सकाळी उरका. दुपारनंतर शेतात, सड्यावर (डोंगरावरच्या उघड्या पठारावर) किंवा रानात जायचे असेल तर निघण्यापूर्वी हवामान खात्याचा इशारा पाहा. पिवळ्या रंगाच्या इशाऱ्यालाही 'नेहमीचेच आहे' म्हणून सोडून देऊ नका, त्यात 'विजांच्या कडकडाटासह' हे शब्द आहेत का ते वाचा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने बनवलेले 'दामिनी' ॲप फोनमध्ये घ्या. तुमच्या भोवती वीस ते चाळीस किलोमीटरच्या टप्प्यात विजा पडत असतील तर ते दाखवते. गावात ज्यांच्याकडे असा फोन नाही, त्यांना शेजाऱ्याने हाक मारून सांगावे.

गडगडाट ऐकला की काम सोडा

'गरजेल तो पडेल काय' ही म्हण माणसांना शोभते, ढगांच्या बाबतीत ती घातक आहे. गर्जना ऐकू येणे याचाच अर्थ तुम्ही विजेच्या टप्प्यात आहात. गडगडाट साधारण पंधरा किलोमीटरपर्यंत ऐकू येतो, आणि वीजही ढगापासून तितक्या लांब, डोक्यावर निरभ्र आकाश असताना पडू शकते. पाऊस सुरू होण्याची वाट बघणारे लोक त्यामुळेच सापडतात.

अंतर मोजायचे असेल तर वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीनने भागा, तितके किलोमीटर. तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर. तीस किंवा त्याहून कमी भरले तर आत जायलाच हवे. खरे सांगायचे तर मोजत बसू नका. समुद्राचा आवाज, वारा, ट्रॅक्टर यांत लांबचा गडगडाट विरून जातो. जो पहिला ऐकू येईल, त्यालाच निघा.

माझी आजी अशा वेळी आम्हां पोरांना माजघरात बसवून अर्जुनाची नावे घ्यायला लावायची. नावांनी वीज टळते की नाही यावर मी वाद घालणार नाही. पोरे घरात एका जागी बसायची, हे मात्र अगदी बरोबर होते.

बाहेर परत येण्याचाही नियम आहे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचे. मध्ये पुन्हा गडगडले तर अर्धा तास पुन्हा पहिल्यापासून. ऊन पडले, पाऊस थांबला, सामन्याची दहाच मिनिटे उरली आहेत, यांतले काहीही या अर्ध्या तासाला कापू शकत नाही. फुटबॉल, क्रिकेटचे सामने भरवणाऱ्या क्लबांनी खेळ थांबवण्याचा अधिकार कोणा एकाकडे द्यावा आणि तो आधीच जाहीर करावा. ऐन वेळी चर्चा सुरू झाली की मुले मैदानावरच उभी राहतात.

कुठे जायचे

चिऱ्याचे किंवा काँक्रीटचे, चारी बाजूंनी बंद, वीजजोडणी असलेले घर सर्वांत चांगले. त्याखालोखाल पत्र्याचे छत असलेली बंद गाडी: कार, कदंबची बस, ट्रक. काचा वर करा आणि आत धातूला हात लावू नका. गाडी वाचवते ती रबरी टायरमुळे नव्हे, तर वीज बाहेरच्या पत्र्यावरून जमिनीकडे जाते म्हणून. तेव्हा स्कूटर किंवा पायलटची (भाड्याने माणसे नेणाऱ्याची) मोटारसायकल काहीच आसरा देत नाही. दुचाकीवर असाल तर जवळचे दुकान, शाळा, देऊळ, चर्च, जे बंद छताखालचे असेल तिथे थांबा. बसथांब्याची उघडी शेड, समुद्रकिनाऱ्यावरचा माडाच्या झापांचा शॅक, शेतातल्या मांगराची (शेतघराची) उघडी बाजू, रिसॉर्टमधली छत्री ही ठिकाणे पावसापासून वाचवतात, विजेपासून नाही.

झाडाचे मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण आपल्याकडे पाऊस आला की माणूस सवयीने काजूच्या किंवा आंब्याच्या बुंध्याशी जातो. वीज थेट डोक्यावर पडून माणूस दगावणे तसे कमीच घडते. बहुतेकांना ती आडवाटेने गाठते. एक वाट झाडातून: वीज झाडावर पडते, खोडाने खाली येते आणि वाटेत जवळ उभ्या असलेल्या माणसाकडे उडी घेते, कारण ओल्या खोडापेक्षा माणसाच्या शरीरातून जमिनीकडे जाणे तिला सोपे असते. दुसरी वाट जमिनीतून, आणि सर्वांत जास्त माणसे याच वाटेने सापडतात. वीज जिथे पडते तिथून जमिनीत चहूकडे पसरते; तुमचे दोन पाय एकमेकांपासून लांब असले तर एका पायाने चढून दुसऱ्याने उतरते. झाडाखाली बांधलेली चार गुरे एकाच विजेने का मरतात, ते यात आहे. त्यांचे पुढचे आणि मागचे पाय लांब असतात. म्हणून गुरेही माडाला, आंब्याला बांधून ठेवू नका, गोठ्यात आणा. पण ढग डोक्यावर आल्यावर त्यांना आणायला जाऊ नका. जनावरावर जीव असणाऱ्याला हे लिहिताना मलाही जड जाते.

तिसरी वाट हातातून. तारेचे कुंपण, लोखंडी फाटक, ग्रिल, नळ, पंपाची पाइपलाइन. वीज लांब कुंपणावर पडली तरी तारेच्या दुसऱ्या टोकाला हात लावलेला माणूस सापडतो.

पाडेली (माडावरून नारळ पाडणारे) आणि रेंदेर (माडाची सूर काढणारे) यांच्यासाठी वेगळे सांगायलाच नको असे वाटते, तरी सांगतो: पूर्वेकडे काळे दिसले की माडावर चढू नये, आणि बागायतदाराने 'तेवढे दोन माड राहिलेत' असा आग्रह धरू नये. समुद्रात, नदीत, खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतजमिनीच्या) बांधावर तुम्हीच आसपासची सर्वांत उंच वस्तू असता. होडी असेल तर पहिल्या गडगडाटाला किनारा गाठा. पोहणाऱ्यांनी जीवरक्षकाच्या शिट्टीची वाट पाहू नये.

काही आसरा नसेल तर

मोपा, वेर्णा यांसारख्या सड्यावर किंवा घाटातल्या रानात सापडलात तर पूर्ण सुरक्षित अशी जागा तिथे नाही, हे आधी मान्य करा. तरीही धोका कमी करता येतो. उंचवट्यावरून खाली उतरा. एकटे उभे झाड टाळा. दाट रानात असाल तर सभोवतीच्या झाडांपेक्षा ठेंगण्या झाडांच्या भागात, बुंध्यांपासून दूर राहा. ओढ्यापासून, पाण्यापासून बाजूला व्हा. घोळका करू नका. एकमेकांपासून पंधरा-वीस मीटर अंतर ठेवा, म्हणजे वीज पडलीच तर मदत करायला कोणी शाबूत उरेल. लोखंडी छत्री मिटवा. कोयता खाली ठेवा. तो वीज ओढून आणतो म्हणून नव्हे, तर हातात असला तर भाजण्याची जखम वाढते म्हणून. मग घराकडे किंवा गाडीकडे चालत राहा.

अंगावरचे केस ताठ उभे राहिले, कातडीला मुंग्या आल्या, जवळच्या धातूतून गुणगुण ऐकू आली तर क्षणाचाही वेळ नाही. दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसा, डोके गुडघ्यांत, हात कानांवर. जमिनीवर आडवे मुळीच होऊ नका. हा उपाय शेवटचा, घराला पर्याय म्हणून नाही.

घरात असताना

दारात, बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत), खिडकीच्या ग्रिलला टेकून विजा बघत बसू नका. आंघोळ, भांडी, कपडे थोड्या वेळाने करा. टीव्ही, फ्रिज, राउटर, पंप यांचे प्लग ढग जवळ येण्याआधी काढा. केबलची तारही काढा. गडगडाट सुरू झाल्यावर प्लगला हात लावू नका. वीजपुरवठा गेला म्हणजे धोका गेला असेही नाही, तारा तर घरात आलेल्याच असतात. चार्जिंगला न लावलेला मोबाइल वापरायला हरकत नाही.

एक काम एप्रिल उजाडण्यापूर्वीचे. आपली जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंगचा खड्डाही वाळतो. वळवाच्या विजा नेमक्या तेव्हाच येतात. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्या, खड्ड्यात पाणी घालत राहा. उंच इमारत, शाळा, देवळाचा कळस असेल तर तडितरक्षक (वीज जमिनीत उतरवणारी सळई) बसवलेला आहे का, आणि त्याची तांब्याची पट्टी खालपर्यंत तुटलेली नाही ना, हे वर्षातून एकदा पाहावे.

आणि पायाळू (जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या) माणसावर वीज पडते ही समजूत आता सोडून द्यावी. एखाद्या पोराला त्यापायी कोपऱ्यात बसवायचे आणि बाकीच्यांनी दारात उभे राहायचे, असे मी पाहिले आहे.

कोणाला वीज लागली तर

विजेने सापडलेल्या माणसाला हात लावल्याने धक्का बसत नाही. त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. ही एक चुकीची भीती कित्येकांच्या जिवावर उठली आहे.

१०८ ला फोन करा किंवा दुसऱ्याला करायला सांगा. वादळ डोक्यावरच असेल तर त्याला उचलून आसऱ्याला न्या, तुमचाही जीव तितकाच मोलाचा. मग श्वास पाहा. श्वास नसेल, हाकेला ओ नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून जोरात दाबायला लागा: मिनिटाला शंभर ते एकशे वीस वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. येत असेल तर तीस दाबांनंतर तोंडाने दोन श्वास द्या. इथे श्वासाला विशेष महत्त्व आहे, कारण विजेने थांबलेले हृदय कधी कधी आपोआप सुरू होते, पण श्वास बंदच राहतो आणि प्राणवायूवाचून ते पुन्हा थांबते. मदत येईपर्यंत थांबू नका.

एकदम अनेक जण पडले असतील तर नेहमीचा क्रम उलटा करा. ओरडणारे, कण्हणारे श्वास घेत आहेत. ते तग धरतील. जो निपचित पडला आहे त्याच्याकडे आधी जा. 'हा गेलाच' असे कोणाचे म्हणणे ऐकू नका.

जो उठून बसला, बोलू लागला, त्यालाही रुग्णालयात न्यायचेच. म्हापसा, मडगावचे जिल्हा रुग्णालय किंवा बांबोळीचे गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय), जे जवळ असेल ते. हृदयाचा आलेख, कानाचे पडदे, डोळे तपासायला हवेत. पाय लुळे पडलेले असतील, निळसर दिसत असतील तर घाबरून जाऊ नका, काही तासांत ते बहुधा पूर्ववत होतात. भाजलेल्या जागी शेण, माती, हळद काही लावू नका.

देशात २०२२ या एका वर्षात विजेने २,८८७ माणसे गेल्याची सरकारी नोंद आहे. छाती दाबायला शिकलेला एक माणूस प्रत्येक वाड्यावर असावा असे मला मनापासून वाटते. पंचायतीने, शाळेने, क्लबने एक दुपार काढली तर ते शिकवता येते.

वादळ सरल्यावर

अर्धा तास झाला की बाहेर पडा, पण आधी वर बघा. तुटलेली विजेची तार दिसली तर लांब राहा, इतरांना अडवा आणि वीज खात्याला कळवा. वीज पडलेल्या माडावर कोणालाही चढवू नका. माडाला वाढीचा कोंब एकच असतो. तो जळला की माड सहसा जगत नाही, आणि खोड आतून चिरलेले असते. आमच्या विहिरीकडचा तो माड वर्षभर उभा होता, शेंडा नसलेला. पुढच्या पावसाळ्यात तो गोठ्यावर कोसळला. तुमचा त्याआधी, कोरड्या दिवसांत, खालून दोर बांधून कापून घ्या.