बायबल-कुराण तुलना: सुरुवात व्याजापासून करा

डावीकडे बायबलचं वचन, उजवीकडे कुराणाची आयत, असा तक्ता मांडू नका. नवीन अभ्यासकाचं पहिलं वर्ष त्यातच वाया जातं. दोन्ही ग्रंथांचं आपापल्या धर्मातलं स्थान सारखं नाही. मुस्लिमांसाठी कुराण हीच ईश्वराची वाणी. ख्रिस्ती श्रद्धेत ईश्वराचा शब्द म्हणजे खुद्द येशू, आणि शुभवर्तमानं ही त्याच्याबद्दल माणसांनी दिलेली साक्ष. म्हणजे कुराणाच्या जोडीला येशू येतो. शुभवर्तमानांच्या जवळ जातात ते पैगंबरांच्या उक्ती-कृती सांगणारे हदीस. तेही पुरते नाहीत. हदीस ग्राह्य धरताना निवेदकांची साखळी तपासतात, शुभवर्तमानांना तशी साखळीच नाही. हे पक्कं झाल्याशिवाय पुढे सरकू नका. ‘हा धर्म बदलतो, तो बदलत नाही’ हा निष्कर्ष त्या तक्त्यातूनच निघतो, आणि तो चूक आहे.

बदल पाहायला व्याजाइतका चांगला विषय नाही. ख्रिस्ती बाजूला बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं 23:19-20 आणि लूकच्या शुभवर्तमानातलं 6:35 वाचा. 325 मध्ये चर्चच्या निकाया परिषदेने धर्मगुरूंना व्याज घ्यायला बंदी केली. 1179 मध्ये तिसऱ्या लॅटरन परिषदेने उघड व्याजबट्टा करणाऱ्यांना ख्रिस्ती दफन नाकारलं. सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विनने मर्यादित व्याज मान्य केलं. पोप चौदाव्या बेनेडिक्टने 1745 मध्ये बंदी पुन्हा बजावली, तरी काही वेगळ्या कारणांनी जादा रक्कम घेण्याला वाव ठेवला. 1917 च्या कॅथलिक धर्मसंहितेत कायदेशीर दराला जागा मिळाली.

इस्लामी बाजूला कुराण 2:275 रिबा, म्हणजे व्याज, हराम ठरवतं. पण खरं काम रिबाबद्दल सहा वस्तूंची नावं घेणाऱ्या हदीसपासून सुरू होतं: सोनं, चांदी, गहू, जव, खजूर, मीठ. बंदी या सहाच वस्तूंना की त्यामागच्या कारणाला? इस्लामी कायद्याच्या पंथांची उत्तरं वेगळी: जाहिरी म्हणतात सहाच. हनफी वजन-माप हे कारण धरतात, शाफिई चलन आणि खाद्यपण. तांदळाला नियम लागतो का, हे दोन्हींच्या रीतीने स्वतः सोडवून पाहा. उत्तर एकच येतं, वाट वेगळी. कियास, म्हणजे कारण सारखं असल्यास नियम नव्या गोष्टीला लावणं, हे काय ते इथे कळतं, व्याख्या पाठ करून कळत नाही.

अरबी-ग्रीक येत नाही म्हणून घाबरू नका, पहिल्या वर्षी चांगली भाषांतरं पुरतात. मार्गदर्शक मात्र दोन धरा, एकेका परंपरेत मुरलेले. दोन्हीकडचं थोडंथोडं सांगणारा एकच गुरू माझ्या मते टाळावा.

टिपण करताना प्रत्येक निर्णयापुढे चार गोष्टी लिहा: साल, कोणी दिला, कोणत्या अधिकाराने, विरोध कोणी केला. चौथी हमखास राहते. ऑटोमन काळात मुख्य मुफ्ती एबुस्सूद यांनी जादा परताव्यावर कर्जाऊ दिल्या जाणाऱ्या रोख रकमेच्या वक्फला मान्यता दिली तेव्हा धर्मपंडित बिरगिवी विरोधात उभे राहिले. 1989 मध्ये इजिप्तचे मुफ्ती तंतावी यांनी सरकारी गुंतवणूक प्रमाणपत्रं ग्राह्य ठरवली, त्यावरही अनेक विद्वान तुटून पडले. फक्त फतवा उतरवलात तर तो साऱ्या इस्लामचा निकाल वाटेल.