एरियाचा छोटा ग्रुप चालवायचाय? मग हे बघा
व्हॉट्सॲपवर १०२४ लोकं मावतात म्हणून तेवढी भरायची नसतात, माझ्या मते चाळीस-पन्नास बास, कारण तेवढ्यात कोण कोण आहे हे सगळ्यांना माहीत असतं आणि बोलायला भीड वाटत नाही. सेटिंगमधे नवीन मेंबरसाठी ॲडमिन अप्रूव्हल चालू करा, ग्रुपात यायची लिंक कुठंही फिरते हो.

नियम दोन-तीनच ठेवा आणि डिस्क्रिप्शनमधे टाका. पाणी कधी येणार, लाईट कुठं गेली, रस्ता कुठं खोदलाय असलं महत्त्वाचं पिन करा, तीन मेसेज पिन करता येतात, २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस.

खरी गंमत मात्र रोजच्या गप्पांत आहे. "सगळे कसे आहात" विचारलं की कुणीच बोलत नाही, "आज कुणाकडं पाऊस पडला का, फोटो टाका" म्हणलं की पाच मिनिटात दहा जण बोलतात. नवीन माणसानं काही लिहिलं तर पहिलं उत्तर तुम्ही द्याच, त्याला गप्प बसून वाट बघायला लावू नका प्लीज, एकदा गप्प झालेला माणूस परत सहसा बोलत नाही.

डबल बाण असलेला फॉरवर्ड खूपदा फिरलेला असतो, तो ॲडमिन म्हणून सरळ सगळ्यांसाठी डिलीट करा आणि टाकणाऱ्याला पर्सनलवर नीट सांगा, ग्रुपवर चारचौघात नको. भांडण पेटलं तर थोडा वेळ "ओन्ली ॲडमिन" करा, म्हणजे फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल, दोघांशी वेगवेगळं बोला, मग परत उघडा. आणि सोबत अजून एक ॲडमिन ठेवा, एकट्यानं नाही जमत.