तोंडी टक्के आणि छापील टक्के: विमा एजंटचा कोड घेण्याआधी

जाहिरातीत बॅक ऑफिसचं काम असतं, प्रत्यक्षात हवे असतात विमा एजंट. ठाणे स्टेशनजवळ किंवा वाशीच्या सेक्टर १७ मध्ये इंटरव्ह्यूला गेलात की समोर प्रोजेक्टरवर परदेश सहल, नवी गाडी आणि कुणाच्या तरी चेकचा फोटो. तिथून सरळ उठून या. विम्याचं काम वाईट आहे म्हणून नव्हे. जो माणूस पहिल्याच भेटीत कामाचं नाव लपवतो, तो पुढे कमिशनचा तक्ता दाखवेल याची आशा कशाला धरायची?

परीक्षेचा बाऊ करू नका. दहावी पास असलं की बसता येतं, आयसी-३८ ही एजंटची परीक्षा मराठीतून देता येते, एका तासात ५० प्रश्न आणि पास व्हायला ३५ टक्के. टेलिग्रामवरच्या प्रश्नसंचावरही लोक पास होतात. तेच लोक नंतर बेनिफिट इलस्ट्रेशनमधले (संभाव्य फायद्याच्या तक्त्यातले) ४ आणि ८ टक्के गृहीत परताव्याचे रकाने ग्राहकाला समजावताना अडखळतात. पुस्तक एकदा तरी नीट वाचा, एवढंच.

आता रिक्रूटर. एलआयसीत विकास अधिकारी म्हणा, खासगी कंपनीत सेल्स मॅनेजर म्हणा, त्याच्या डोक्यावर नवीन कोडचं, म्हणजे नव्या एजंटांच्या नोंदणीचं, टार्गेट असतं आणि त्यातले ‘ॲक्टिव्ह’ किती, हेही मोजलं जातं. कोड ॲक्टिव्ह होतो पहिल्या दोन-चार पॉलिसींवर, आणि त्या येतात मामा, मावशी आणि सोसायटीतल्या शेजाऱ्यांकडून. म्हणूनच पहिल्या आठवड्यात १०० नावांची यादी मागतात. यादी करायला हरकत नाही, कामाची सुरुवात सगळ्यांची तिथूनच होते. पण ती फोन नंबरांसकट मॅनेजरच्या हातात देऊ नका.

त्याला तीन गोष्टी विचारा. गेल्या वर्षी काढलेल्या कोडांपैकी आज किती जणांचा धंदा चालू आहे? त्यातल्या दोघांचे नंबर द्याल का, आणि ते दोघे मी निवडले तर चालेल का? माझ्याबरोबर अनोळखी ग्राहकाकडे याल का, की फक्त माझ्या नातेवाइकांकडे? तिसऱ्या प्रश्नाला जो चाचरतो त्याचा चहा घ्या आणि निघा. स्टेजवरून भाषण ठोकणारा मेंटॉर हा प्रकार मला पटतच नाही. क्लेमचा फॉर्म भरायला तुमच्या शेजारी बसणारा, कमी बोलणारा मॅनेजर त्याच्या दहापट कामाचा, आणि असे मॅनेजर आहेत, अगदी आहेत.

‘मिसेसच्या नावाने कोड काढू, काम तुम्ही करा’ असं कुणी म्हटलं तर सरळ नाही म्हणा. चुकीच्या विक्रीची तक्रार झाली की जबाब कोडधारकाला द्यावा लागतो. आधीच कुणी तुमची कागदपत्रं वापरलीत का, हे विमा नियामक आयआरडीएआयच्या एजन्सी पोर्टलवर पॅन टाकून बघता येतं. ‘खाली माणसं जोडा, त्यांच्या धंद्यावर तुम्हाला टक्के’ असं सांगत असतील तर विमा कायदा १९३८ च्या कलम ४२अ मध्ये साखळी पद्धतीने विमा विकायलाच बंदी आहे.

खरा फास कमिशनमध्ये आहे, म्हणून इथे जरा सविस्तर.

१ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक प्रकारच्या पॉलिसीवर वेगळी कमाल मर्यादा राहिलेली नाही. कंपनीचं संचालक मंडळ धोरण ठरवतं. त्यामुळे ‘इन्शुरन्समध्ये इतके टक्के मिळतात’ या वाक्याला अर्थ उरलेला नाही. विचारायचं असं: कोणतं प्रॉडक्ट, प्रीमियम किती वर्षं भरायचा, पहिल्या वर्षी किती, दुसऱ्या वर्षापासून किती. पाच वर्षं प्रीमियम भरायच्या पॉलिसीचा दर बारा वर्षांवालीपेक्षा सहसा कमी असतो. रिक्रूटर तोंडी सांगतो तो आकडा बहुतेक वेळा सर्वांत मोठ्या दराचा असतो, वर त्यात रिवॉर्ड आणि कॉन्टेस्टही मिसळलेलं असतं. रिवॉर्ड बंद होतो, कॉन्टेस्ट संपते. छापील तक्त्यात उरतो तोच आपला.

मग एक हिशोब घरी कागदावर करा. वर्षाचा प्रीमियम ६०,००० आणि दर ३० टक्के म्हणजे १८,००० हातात, असं वाटतं. ग्राहकाने मासिक हप्ता निवडला तर कमिशन येतं फक्त जमा झालेल्या ५,००० वर, म्हणजे १,५००. हा दर जीएसटीसह आहे की जीएसटी सोडून, हे विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या प्रीमियमवरचा जीएसटी शून्य झाला, कंपन्यांचं इनपुट क्रेडिट (खर्चावर भरलेल्या जीएसटीची वजावट) गेलं, आणि बऱ्याच कंपन्यांनी कमिशन जीएसटीसह धरायला सुरुवात केली. १,५०० ला १.१८ ने भागा: १,२७१. वर्षाचं कमिशन २०,००० च्या वर गेलं की २ टक्के टीडीएस, मग उरतात साधारण १,२४६. ग्राहकाने चार हप्त्यांनंतर भरणं थांबवलं तर १८,००० चे झाले पाच हजारांच्या आत. आणि करारात क्लॉबॅक (दिलेलं कमिशन परत वसूल करण्याची अट) असेल तर तेही पुढच्या कमिशनमधून कापून घेतात.

क्लॉबॅकचं कलम शोधायला नियुक्तीपत्र पुरेसं नाही. त्यात फक्त ‘कंपनी वेळोवेळी ठरवेल त्याप्रमाणे’ एवढंच असतं. कमिशनचं परिपत्रक वेगळं मागा आणि बघा: किती महिन्यांच्या आत पॉलिसी बंद पडली तर वसुली, पूर्ण की प्रमाणात. १ ऑक्टोबर २०२४ ला सरेंडर व्हॅल्यू (पॉलिसी मधेच सोडणाऱ्याला परत मिळणारी रक्कम) वाढवणारे नवे नियम आल्यापासून हे कलम जास्त दिसायला लागलंय. ३० दिवसांच्या फ्री-लूकमध्ये (पॉलिसी वाचून परत करायच्या मुदतीत) ग्राहकाने पॉलिसी परत केली तर कमिशन जाणारच, त्यात गैर काही नाही.

पर्सिस्टन्सीचंही, म्हणजे तुम्ही विकलेला धंदा किती टिकला याचंही, तसंच. रिवॉर्डसाठी १३ व्या महिन्याची पर्सिस्टन्सी सहसा पॉलिसींच्या संख्येवर नाही, प्रीमियमवर मोजतात. दहा पॉलिसींचा मिळून ३ लाख प्रीमियम आहे, त्यातली मित्राची १,२०,००० ची एक बंद पडली. तुम्हाला वाटतं ९० टक्के, कंपनीच्या तक्त्यात ६०. रिवॉर्ड गेला. सिंगल प्रीमियमची (एकदाच पैसे भरायची) एक लाखाची पॉलिसी टार्गेटमध्ये बहुतेक ठिकाणी १०,००० च धरतात, हेही आधी माहीत असावं.

घाबरू नका, यातलं बरंच तुमच्या हातात आहे. महापे-रबाळेच्या कारखान्यांतल्या कंत्राटी कामगाराचा पगार ७ ते १० तारखेदरम्यान येतो आणि नवखा एजंट ऑटो-डेबिटची तारीख ५ टाकतो. दोनदा बाउन्स झाला की बँकेचा दंड बसतो, ग्राहक चिडतो, पॉलिसी लॅप्स. तारीख १२ घ्या. एपीएमसीतल्या व्यापाऱ्याला मासिकपेक्षा वार्षिक हप्ता विचारून बघा.

‘पहिला हप्ता तूच भर, कमिशनमधून निघेल’ हा सल्ला हमखास मिळतो. विमा कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे ग्राहकाला कमिशनमधली सूट देणं गुन्हा आहे आणि दंड दहा लाखांपर्यंत. शिवाय असा ग्राहक दुसरा हप्ता भरत नाही, मग वरचा सगळा हिशोब लागू.

शेवटचा कागद सोडचिठ्ठीचा. नियुक्ती संपल्यावर जुन्या पॉलिसींचं रिन्युअल कमिशन चालू राहतं का, किती वर्षांच्या सेवेनंतर, हे सही करण्याआधी वाचा. मॅनेजर नोकरी सोडून गेला तरी तुमचा कोड कंपनीकडेच राहतो, त्याच्यामागे लगेच धावत जायची गरज नाही. २०१६ च्या नियमांप्रमाणे कंपनीने राजीनाम्यानंतर १५ दिवसांत सेसेशन सर्टिफिकेट (नियुक्ती संपल्याचा दाखला) द्यायचं असतं, आणि ते सर्टिफिकेट दिल्याच्या तारखेपासून ९० दिवसांनी नवी कंपनी तुमचा अर्ज विचारात घेते. म्हणून राजीनामा फोनवर सांगून मोकळे होऊ नका. शाखेत कागद द्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या आणि त्याच दिवशी ईमेलही टाका.