छापून आलेला पेपर कसा पारखावा

संशोधनाचा पेपर हाती आला की लगेच निष्कर्षाकडे धावू नका. पहिल्या पानावरचा डीओआय, म्हणजे त्या पेपरचा कायमचा ओळख क्रमांक, कॉपी करा आणि जर्नलच्या साइटवर तो पेपर आज कसा दिसतो ते पाहा. मी वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते आणि थिसिस लिहिणाऱ्या पीजीच्या मुलांना सगळ्यात आधी हेच करायला लावते. पेनड्राइव्हमधली पीडीएफ ज्या दिवशी उतरवली त्या दिवशीचीच राहते. नंतर गंभीर चूक किंवा गडबड आढळून पेपर मागे घेतला गेला, म्हणजे रिट्रॅक्ट झाला, तरी तिच्यावर काही उमटत नाही. जर्नलच्या पानावर आणि पबमेड या वैद्यकीय पेपरच्या ऑनलाइन सूचीवर मात्र तशी ठळक सूचना असते. मागे घेतलेल्या पेपरची ‘रिट्रॅक्शन वॉच’ची यादीही मोफत पाहता येते.

मुलं म्हणतात, “मॅडम, लॅन्सेटमधला आहे, त्यात काय तपासायचं?” तर लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय जर्नलचंच घेऊ. २२ मे २०२० रोजी तिथे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियावरच्या जुन्या औषधाबद्दल पेपर आला. ६७१ रुग्णालयं, ९६,०३२ कोविड रुग्ण, आणि निष्कर्ष असा की औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त. तीनच दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला या औषधाचा भाग स्थगित केला. आपल्याकडे आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) मार्चमध्येच आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंधासाठी हे औषध सुचवलं होतं, त्यामुळे इथल्या डॉक्टरांसाठी ही लांबची बातमी नव्हती.

हा पेपर कसा पकडला गेला ते नीट पाहा, कारण ती रीत कुणालाही जमण्यासारखी आहे. २१ एप्रिलपर्यंत ऑस्ट्रेलियातल्या पाच रुग्णालयांत ७३ मृत्यू झाल्याचं त्यात दिलं होतं. त्या तारखेपर्यंत अख्ख्या ऑस्ट्रेलियातले मृत्यू होते ६७! पेपरमधला एखादा आकडा बाहेर कुठे स्वतंत्रपणे नोंदलेला असेल, तर तो शेजारी ठेवून बघा. जनगणना, सरकारी बुलेटिन, काहीही चालेल. बेरजा जुळतात का, तक्त्यातली रुग्णसंख्या मजकुरात तीच आहे का, हेही बघा. यासाठी संख्याशास्त्राची पदवी लागत नाही.

पुढे शंभराहून अधिक संशोधकांनी खुलं पत्र लिहून प्रश्न विचारले. डेटा ‘सर्जिस्फिअर’ नावाच्या कंपनीकडे होता. स्वतंत्र तपासणीसाठी तिने तो पूर्ण द्यायला नकार दिला आणि ४ जूनला चारपैकी तीन लेखकांनी पेपर मागे घेतला.

मग पिअर रिव्ह्यूमध्ये, म्हणजे छापण्याआधी त्या विषयातले तज्ज्ञ करतात त्या तपासणीत, हे का दिसलं नाही? रिव्ह्यू करणारे मोजके तज्ज्ञ बहुधा विनामोबदला, आपलं काम सांभाळून हस्तलिखित वाचतात. मूळ नोंदी सहसा त्यांच्यासमोर नसतात. त्यांच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण खरी झाडाझडती पेपर छापून आल्यावर होते, आणि ती बघायला आपण शिकलंच पाहिजे. छापलेल्या पेपरवर जिथे चर्चा होते त्या पबपिअर साइटवर पेपरचं नाव टाका, जर्नलमध्ये त्यावर पत्रं आली आहेत का पाहा. पेपर प्रीप्रिंट असेल, म्हणजे जर्नलमध्ये छापण्याआधीच ऑनलाइन टाकलेला असेल, तर त्याचा रिव्ह्यू अजून झालेला नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

भारतातली क्लिनिकल ट्रायल, म्हणजे रुग्णांवर केलेली उपचारांची चाचणी, असेल तर सीटीआरआय या अशा चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला नोंदणी क्रमांक शोधा. १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच तिथे नोंदणी करावी लागते. त्या पानावर ‘प्रायमरी आउटकम’, म्हणजे चाचणीत मुख्यतः काय मोजायचं ठरलं होतं ते, वाचा. समजा तिथे बारा आठवड्यांनंतरची साखर मोजायची असं ठरलं होतं, आणि पेपरचा सगळा भर मात्र रुग्णांची झोप सुधारली यावर आहे. मग साखरेचं काय झालं, हे गाइडना विचारायलाच हवं.

एक गोष्ट मात्र मी मुलांना पुन्हा पुन्हा सांगते. पेपर मागे घेतला म्हणून त्याच्या उलटचा निष्कर्ष आपोआप खरा ठरत नाही. लॅन्सेटचा पेपर गेला तेव्हा ‘म्हणजे औषध चांगलंच होतं’ असं अनेकांनी धरलं. दुसऱ्याच दिवशी ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने औषधाचा उपयोग नसल्याचं जाहीर केलं. त्यात कुणाला औषध द्यायचं हे चिठ्ठी काढावी तसं ठरवलेलं होतं. अंतिम आकड्यांनुसार २८ दिवसांतले मृत्यू औषध घेणाऱ्या १,५६१ जणांत २७ टक्के आणि नेहमीचेच उपचार घेणाऱ्या ३,१५५ जणांत २५ टक्के निघाले.

थिसिस सादर करण्याआधी संदर्भांची अख्खी यादी एकदा पुन्हा तपासा. संदर्भ सांभाळणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर मागे घेतलेल्या पेपरची सूचना ते स्वतःच देतं. असा पेपर सापडला तर नुसता संदर्भ खोडू नका, त्याच्या आधाराने लिहिलेलं वाक्यही काढा. मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये, म्हणजे अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून मांडलेल्या हिशेबात, तो धरला असेल तर तो वगळून हिशेब पुन्हा मांडा.