बाग आधी, समुद्र नंतर

ऑक्टोबरात आई-बाबा इकडे असले, तर लंडनची म्युझियमं पुरे करा आणि एक दिवस ससेक्ससाठी राखून ठेवा. सकाळी शेफील्ड पार्कची बाग, दुपारी सीफर्डचा समुद्र. क्रम उलटा करू नका. वारा पडलेला असतो तोवरच तळ्यांत झाडांची लाल-पिवळी प्रतिबिंबं अखंड दिसतात.

पहिली तयारी घड्याळाची. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात. त्याआधी सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, नंतर एकदम पावणेपाचला. एका वर्षी आम्ही हे विसरलो आणि समुद्र नुसता ऐकून परत आलो. म्हणून त्या रविवारच्या आधीचा आठवडा धरा. रंगही साधारण तेव्हाच भरात असतो, पण दरवर्षी थोडा मागेपुढे होतो, त्यामुळे निघण्याआधी बाग सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या साइटवर नजर टाका. सभासदांना प्रवेश फुकट आहे. शनिवार-रविवारी पार्किंग लवकर भरतं, तेव्हा बाग उघडायच्या वेळेला दारात हजर असा.

आई-बाबांना दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा. एक म्हणजे बागेतला वाडा फक्त बाहेरून दिसतो, तो खासगी आहे. दुसरी, फुलं शोधायची नाहीत, बघायची ती पानं. माझ्या आईने पहिला अर्धा तास “फुलं कुठायत गं?” यातच घालवला. मग निसा नावाच्या शेंदरी-लाल झाडासमोर बसली ती उठेचना. बागेची ही आखणी मुळात अठराव्या शतकातल्या केपॅबिलिटी ब्राउन या उद्यानरचनाकाराची. हे शरदातले रंग मात्र 1910 मध्ये इस्टेट विकत घेणाऱ्या आर्थर सोम्सने लावलेल्या झाडांचे.

बाबांसाठी क्रिकेटचं मैदान आहे. इस्टेटीचे तेव्हाचे मालक लॉर्ड शेफील्ड इथे ऑस्ट्रेलियन संघांना खेळायला बोलवायचे. 1891-92 मध्ये ते डब्ल्यू. जी. ग्रेसचा संघ घेऊन ऑस्ट्रेलियाला गेले आणि तिथे 150 पौंडांची देणगी दिली. त्यातूनच ‘शेफील्ड शील्ड’ ही ऑस्ट्रेलियातली देशांतर्गत क्रिकेटची ढाल आली. एवढं सांगितलंत की बाबा पुढचा तासभर तक्रार करत नाहीत.

चपला नकोत. गवत दुपारपर्यंत ओलं असतं, साडीचा काठ भिजतो. आईला सलवार-कमीज आणि बूट घाला, वर स्वेटर आणि विंडचीटर. कानटोपी बाबांची बाबांनी घ्यावी, मागाहून कुरकुर नको. छत्री गाडीतच राहू दे, समुद्रावर ती उलटी होते. जास्तीचे मोजे, गुडघ्याचं मलम, दुपारच्या गोळ्या एका पिशवीत. तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं घरून न्या. बागेतला स्कोन मात्र एकदा खायलाच हवा, दोघांत एक पुरतो.

दुपारी एकपर्यंत बागेतून निघा. ए-275 ने लुईसवरून सीफर्डला जाताना अर्धा-पाऊण तास धरा. पार्किंगसाठी फोनमध्ये ॲप आधीच टाकून ठेवा. मशीनसमोर, वाऱ्यात, आईच्या देखत पासवर्ड आठवत नाही.

सीफर्डला वाळू नाही, गोटे आहेत. दुखऱ्या गुडघ्यांना त्यावर चालवत नाही, पण किनाऱ्याला लागून सपाट फरसबंदी आणि बाकं आहेत, त्यांना तिथे बसवा. पाण्याजवळ कुणीच जाऊ नका. किनारा एकदम खोल उतरतो आणि परतणारी लाट पाय ओढते. सेव्हन सिस्टर्सचे पांढरे कडे बघायला सीफर्ड हेडवर चढणार असाल तर काठापासून लांब राहा, कडे खडूच्या मऊ दगडाचे आहेत, ढासळतात. फिश अँड चिप्स घेतलेत की डबा छातीशी धरा. सीगल मागून येतो, कावळ्यापेक्षा निर्लज्ज.

आणि चहाचे थर्मास दोन. एक समुद्रावर संपतो, दुसरा परतीच्या ट्रॅफिकमध्ये लागतो.