वर मालक, खाली भाडेकरू: या चुका टाळा

रत्नागिरी-चिपळूणकडे स्वतःच्या घरालाच दोन-चार खोल्या वाढवून भाड्याने देणारे बरेच दिसतात. त्यांच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं: "एकाच आवारात राहतो, घरच्यासारखेच आहेत, कागद कशाला?" मला हे वाक्य ऐकवत नाही. एकाच आवारात राहता म्हणूनच कागद हवा. बिनसलं तरी रोज त्याच विहिरीवर समोरासमोर यायचं असतं.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ सरळ सांगतं: करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, नोंदणीची जबाबदारी मालकाची. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा करारही यातून सुटत नाही. चुकलात तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून वाईट म्हणजे, लेखी करार नसला की अटींबाबत भाडेकरू सांगेल तेच धरलं जातं. ते खोटं असेल तर सिद्ध तुम्ही करायचं.

आमच्या वाडीतल्या एकाने तोंडी बोलीवर खोली दिली, डिपॉझिट रोख घेतलं. पुढे मुलाचं लग्न ठरलं, खोली हवी झाली. भाडेकरू म्हणाला, "पाच वर्षं राहा म्हणालात ना?" मालकाचं डोकं फिरलं आणि भर मे महिन्यात त्याने मोटर बंद करून खालचं पाणी तोडलं. पुरेशा कारणाशिवाय भाडेकरूचं पाणी किंवा वीज तोडायला कलम २९ ची मनाई आहे. तोवर गाऱ्हाणं मालकाचं होतं. त्या दिवसापासून पोलिसांत जाब द्यायला तोच उभा. लग्न झालं, खोली मिळाली नाही.

घाई असलेल्यांना ऑनलाइन नोंदणीही लांबण वाटते. त्यांनी खोली रिकामी ठेवावी, हे माझं स्पष्ट मत.

विजेला सबमीटर लावा. अंदाजाने वाटलेल्या बिलावरून हमखास वाद होतो. भाड्याची पावती दर महिन्याला द्या. मी डुप्लिकेट पुस्तकच वापरते, मोबाइलवरच्या मेसेजवर भागवत नाही. दुसरी किल्ली तुमच्याकडे असली तरी न विचारता आत जाऊ नका, मग भाडेकरू नात्यातला का असेना. एप्रिल-मेमध्ये मोटर किती वाजता लागेल ते करारातच लिहा. आणि कौलं, पन्हळ मे संपायच्या आत बघून घ्या. जूनमध्ये गळायला लागल्यावर शाकारणी करणारा माणूस मिळत नाही, आणि बादल्या लावत बसतो तो भाडेकरू.